चिंधीची सरी

आमच्या मळ्यात काकडी लावली की एक सरी घरची असते. हे कुठे लिहिलेलं नाही आणि कोणी कोणाला सांगतही नाही. बोरी बुद्रुकमध्ये शेजारच्या मळ्यातही अशी एखादी सरी असते, त्याच्या पलीकडच्या मळ्यातही असते. कुणाची टोमॅटोची, कुणाची बांधाकडेला वांग्याची चार झाडं. तिथे औषध मारत नाहीत. कीड पडली तर पडू देतात. तिथली काकडी वाकडी निघते, अंगावर ठिपके असतात, एक टोक जाड तर एक बारीक. ती आम्ही खातो, लेकीबाळींना पाठवतो, पाहुण्यांच्या पिशवीत घालतो. बाकीच्या चोवीस सऱ्यांची काकडी सरळ, हिरवीगार आणि तुकतुकीत असते. ती क्रेटमध्ये भरतात आणि ती पिकअपने जाते. कुठे जाते ते आम्हाला माहीत असतं, पण कोणाच्या ताटात जाते ते नसतं.

घरची सरी चुकू नये म्हणून वहिनी तिच्या तोंडाशी असलेल्या बांबूला लाल चिंधी बांधते. फवारणाऱ्याने चिंधी दिसली की पंप बंद करायचा आणि पुढच्या सरीत चालू करायचा. माझ्या लहानपणी आई बांधायची. मी तीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवलं, शेकडो प्रश्नपत्रिका काढल्या. त्यातल्या एकीतही ही चिंधी आली नाही.

निवृत्त होऊन गावी आल्यावर मला दोन कामं उरली, वाचणं आणि अध्यक्ष होणं. नीतीबद्दल माझं एक ठरलेलं मत होतं आणि ते सांगायचं एक ठरलेलं वाक्य होतं. नीती म्हणजे बांध. माणसांनी घातलेला, माणसांनीच सरकवलेला. आकाशातून बांध दिसतात, पण ते आकाशाने घातलेले नसतात. वर्गात हे वाक्य फार चालायचं. शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा लिहून घ्यायची, आणि वर्षभरात तेवढंच लिहून घ्यायची.

हे वाक्य एकाच माणसाने कधी लिहून घेतलं नाही. तो माझा शाळेपासूनचा मित्र. वीज खात्यात वायरमन होता, आता निवृत्त आहे, तरी गावातल्या कुठल्याही पंपाचा स्टार्टर जळाला की आधी त्यालाच बोलावतात. नदीकाठच्या मोटारीच्या खोलीबाहेर केबलचं एक रिकामं लाकडी रीळ पडलेलं असतं. आम्ही संध्याकाळी त्यावर बसतो.

"बांध सरकतो, मान्य," तो एकदा म्हणाला. "पन खालची जमीन कुनाची, ह्ये बांधाला इचारून ठरत न्हाई. तलाठ्याकडं जावं लागतं."

"मग नीतीचा तलाठी कोण?"

"त्यो रजेवर हाय. म्हनून दप्तरच न्हाई, असं व्हत न्हाई, राव."

मी हसलो. तो हसला नाही. स्टार्टरचा स्क्रू फुंकून साफ करत म्हणाला, "एक सांग, मास्तर. माझा आजा पान्याला इहिरीवर यायचा. पोहऱ्याला हात लावायचा न्हाई. तुझा आजा वरनं वतायचा, आमचा खाली वंजळ धरायचा. सगळ्या गावाला त्ये बराबर वाटायचं. माझ्या आज्यालाबी वाटायचं. म्हनायचा, चांगला मानूस, पानी तरी देतो. आता सगळ्यास्नीच पटत व्हतं, म्हंजी त्ये बराबर व्हतं का?"

"त्या काळाच्या चौकटीत..." मी सुरुवात केली आणि थांबलो. विहीर आमची होती. अजून आहे. तिच्याच पाण्यावर काकडी होते.

"आनि अजून एक. वतताना तुझा आजा दुसरीकडं बघायचा म्हनं. धार वंजळीत पडतीया का भुईवर, त्येबी बघायचा न्हाई. का बरं बघत नसंल?"

मी विटाळाच्या नियमांबद्दल दोन वाक्यं बोललो. दोन्ही वाक्यं बरोबर होती.

"असंल," तो म्हणाला. मग माझी समजूत काढावी तसं म्हणाला, "तुझ्याकडं नीतीवर कपाटभर पुस्तकं हायेत. आमच्याकडं पंचशीलाची पाच वाक्यं. सकाळी म्हनायची, दिवसभर मोडायची. फरक एवढाच, मोडलं की कितवं मोडलं ह्ये कळतं."

त्याच्या त्या पाचांतलं चौथं खोटं न बोलण्याचं आहे.

गेल्या उन्हाळ्यात पिंपरी पेंढारला एका कार्यक्रमाचा मी अध्यक्ष होतो. विषय होता 'आजच्या युगात नीतिमूल्ये'. मित्र मला मोटारसायकलवर न्यायला सकाळी मळ्यात आला. त्याची मुलगी तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातवा महिना होता.

"सारखी काकडी लागती तिला," तो म्हणाला. "मीठ लावून नुसती खाती. बाजारातली आनली का नाक मुरडती. म्हनती, कसलातरी वास येतो."

"थांब," मी म्हणालो आणि सऱ्यांमध्ये शिरलो. विहिरीजवळच्या सरीच्या तोंडाशी लाल चिंधी दिसली. तिथून सात-आठ कोवळ्या काकड्या तोडल्या. सरळ, हिरव्यागार, हाताला गार लागणाऱ्या. पिशवीत घालून त्याला दिल्या आणि वर सांगितलं, "घरच्या सरीच्या आहेत. बिनधास्त खाऊ दे."

घरच्या सरीला इतकी सुबक काकडी कधी येत नाही. विधानं समोर होती, निष्कर्ष समोर होता. मी मोटारसायकलवर बसलो.

कार्यक्रम दहाचा होता, प्रमुख पाहुणे बाराला आले. तोवर निवेदकाने 'काही क्षणातच' हे शब्द इतक्यांदा उच्चारले की क्षण या मापाबद्दलच शंका यावी. समईची वात पंख्याने विझत होती आणि पंखा बंद करणारा माणूस सापडत नव्हता. प्रमुख पाहुणे म्हणाले, सत्य एकच असतं आणि ते कधी बदलत नाही. एवढं बोलेपर्यंत त्यांचा फोन तीनदा वाजला. तिसऱ्यांदा त्यांनी व्यासपीठावरूनच उचलला आणि आपण अजून पुण्यातच आहोत असं पलीकडच्याला सांगितलं. लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तर आनंदच झाला, माझ्या भाषणाला आयतं उदाहरण मिळालं. मी बांधाचं वाक्य टाकलं. टाळ्या पडल्या. शाल मिळाली. घरी अशा सोळा शाली आहेत, वहिनी त्यांत बियाणं गुंडाळून ठेवते.

माझं भाषण संपल्यावर मित्र मागच्या खुर्चीवरून उठला. "मी निघतो," व्यासपीठापाशी येऊन म्हणाला. "पोरगी वाट बघत असंल काकडीची. तू जेवून ये. शाल पांघरून जेव, नायतर त्यास्नी वाईट वाटंल."

कुणाच्या तरी गाडीतून मी साडेतीनला घरी पोचलो. शेडमध्ये दादा आणि वहिनी क्रेट भरत होते. चारला पिकअप येणार होती.

"भावजी," वहिनीने सहज विचारलं, "सकाळी काकडी कुठनं तोडली?"

"चिंधीजवळून. विहिरीकडच्या."

तिचे हात थांबले. "इहिरीकडं कुठं? औंदा घरची सरी बांधाकडंला हाय."

मग उलगडा झाला. चार दिवसांपूर्वी वाऱ्याने विहिरीकडचा मांडव कलला होता. दादाने तो उभा करायला हाताला लागेल तो बांबू घेतला, त्यात घरच्या सरीचाही उपटला आणि विहिरीकडे नेऊन रोवला. चिंधीसकट. घरची सरी कुठली हे दादाला चिंधीशिवायही ठाऊक होतं, वहिनीला ठाऊक होतं. चिंधी बघून चालणारा घरात मी एकटाच होतो. आणि विहिरीकडच्या सगळ्या सऱ्यांवर आदल्या संध्याकाळी दादाने स्वतः औषध मारलेलं होतं.

"ती पोटुशी हाय," वहिनी म्हणाली.

दादा क्रेटवर सुतळी आवळत होता. "धुऊन खातील की. सगळं जग खातंय."

"आपण खातो का?" मी विचारलं.

"त्ये निराळं," तो म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

कोनाड्यात औषधाची बाटली होती. सोबतचा घडीचा कागद मी उलगडला. अक्षरं इतकी बारीक की छापणाऱ्यालाही ती कुणी वाचावीत असं वाटत नसावं. काकडीपुढे लिहिलं होतं, फवारणीनंतर पाच दिवस तोडणी करू नये. मी मित्राला फोन लावला. वाजत राहिला. दुपारी तो फोन खुंटीवरच्या सदऱ्यात ठेवून झोपतो. मुलीचा नंबर माझ्याकडे नव्हता.

मी निघालो. त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, चालत दहा मिनिटांवर आहे. त्या दहा मिनिटांत ती काकडी खाईल का, एवढा एकच प्रश्न खरा होता. पण मी दुसऱ्याच प्रश्नाचा विचार करत होतो. सांगायचं काय? 'औषध मारलेली आहे' असं म्हणालो की तो विचारणार, मग सकाळी घरची म्हणालास ती कुठली? म्हणजे घरची वेगळी असते? म्हणजे बाजारात जाते ती? त्याला मळा नाही. त्याच्या घरी आयुष्यभर भाजी आली ती आळेफाट्याच्या बाजारातून, आमच्यासारख्यांच्या क्रेटमधून. जाताना मी चार कारणं रचली. शेवटचं तर फारच पटण्यासारखं होतं.

दार उघडं होतं. मुलगी खाटेवर पाय पसरून बसली होती. मांडीवर ताटली, ताटलीत काकडीच्या फोडी, कडेला मीठ. खाली दोन टोकं कापून टाकलेली. मित्र नुकताच उठून चहा पीत होता. कोपऱ्यातल्या बुद्धमूर्तीसमोर सकाळची फुलं सुकली होती.

"ती खाऊ नको," मी दारातूनच म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. मला धाप लागली होती, खांद्यावर शाल तशीच होती. "का काका? कडू निघाल्या का?"

चारही कारणांपेक्षा हे सोपं होतं. "हो," मी म्हणालो. "कडू आहेत. सगळी सरीच कडू निघाली."

ती हसली. "न्हाई ओ काका. लई गोड हायेत. मी दीड खाल्ली." आणि मला खात्री पटावी म्हणून तिने आणखी एक फोड तोंडात टाकली.

मी पुढे होऊन तिच्या मांडीवरची ताटली उचलली. उचलली म्हणण्यापेक्षा हिसकावली. मीठ तिच्या साडीवर सांडलं. मग मी सगळं सांगितलं. चिंधी, बांबू, आदल्या संध्याकाळचा फवारा, पाच दिवस. तिने तोंडातली फोड हातात काढली आणि ती हातातच धरून बसली. मोरीत जाऊन चूळ भरायला तिला आतून आलेल्या तिच्या आईने उठवलं.

मित्राने कप खाली ठेवला. "चवथं," तो म्हणाला.

"काय?"

"कडू म्हनालास त्ये. चवथं." त्याच्या आवाजात राग नव्हता. जळालेल्या स्टार्टरचा दोष सापडल्यावर तो बोलतो तसं बोलला. मग पिशवीतल्या उरलेल्या काकड्यांकडे पाहत म्हणाला, "म्हंजी तुमची खायाची सरी येगळी असती."

"असते."

"सगळ्यांचीच?"

"बहुतेकांची."

"आनि आज या सऱ्यांचा माल?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चारला पाच कमी होती.

"फोन कर की," तो म्हणाला.

मी दादाला फोन लावला. त्याने लगेच उचलला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "पोरगी बरी हाय नव्हं?"

"दीड खाल्लीय. दादा, विहिरीकडचे क्रेट..."

"गाडी आत्ताच गेली. आज लवकर आली. डॉक्टरकडं न्या म्हनावं पोरीला, मी येतो गाडी घेऊन."

'गाडी आत्ताच गेली' हे ऐकलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ते तसंच झालं. श्वास मोकळा झाला, खांदे खाली आले. मुलगी मोरीत होती, काय होणार हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि मला बरं वाटलं होतं, कारण आता काही ठरवायचं उरलं नव्हतं. मी फोन खिशात ठेवून मान वर केली. मित्र माझ्याकडे पाहत होता. चाळीस वर्षं तारेत वीज आहे का नाही हे ओळखणारा माणूस आहे. त्याला दिसलं.

"गेली का?" त्याने विचारलं.

"गेली."

"बरं झालं," तो म्हणाला. कोणासाठी, ते म्हणाला नाही.

दादा खरंच गाडी घेऊन आला. मुलीला आळेफाट्याला नेलं. डॉक्टरांनी तपासलं, एवढ्याने काही होत नाही म्हणाले, त्रास वाटला तर परत या म्हणाले. परतीच्या वाटेवर दादाने तिला तीनदा विचारलं, "बरं वाटतंय ना बाय?" तो वाईट माणूस नाही, हे सांगायला हवं. मीही नाही. अडचण तीच आहे.

दुसऱ्या दिवशी वहिनीने बांधाकडच्या खऱ्या घरच्या सरीतल्या काकड्या, वाकड्या आणि ठिपक्यांच्या, त्यांच्याकडे पाठवल्या. त्यांच्या घरून पिशवी रिकामी परत आली नाही, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा आला. काकड्या खाल्ल्या की टाकल्या, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पुढचे दोन महिने मी रोज त्या घरावरून फिरायला गेलो. दार उघडं असलं की आत पाहायचो आणि ती चालताना दिसली की पुढे जायचो. तिला मुलगी झाली, धडधाकट. पेढे आले. मी पेढा हातात घेऊन विचार केला की यावरून काय सिद्ध होतं. काहीच नाही. काही वाईट झालं नाही म्हणून ते बरोबर ठरत नाही. आणि काही वाईट झालं असतं तरच ते चूक ठरलं असतं, असंही नाही. म्हणजे चूक त्या दोन्हींच्या आधीच तिथे होती, सरीत उभी होती. हे मी माझ्या वर्गात कधीच मान्य केलं नसतं.

दादाशी मी एकदा बोललो. फवारल्यावर पाच दिवस थांबता येणार नाही का, असं विचारलं आणि तो कागद वाचून दाखवला.

"काकडीला वाचून दाखव," तो म्हणाला. "तिला म्हनाव थांब. पाच दिसांत तिचा दुधी व्हतो."

"मग औषधच बदलू."

"बदल की. आनि बाजारात जाऊन बघ, कुनाच्या क्रेटात चिंधीची काकडी हाय. तू सकाळी चहा पेतोस, गहू खातोस, सफरचंद खातोस. ती कुनाच्या घरच्या सरीची हायेत? ती बी कुनाच्या तरी चोवीस सऱ्यांतलीच. त्यो आपल्याला चारतो, आपन त्याला चारतो. फिटंफाट."

वाईट हे की माझ्याच सिद्धांताप्रमाणे त्याचं बरोबर होतं. सगळ्यांनी मिळून घातलेला बांध, सगळ्यांना ठाऊक, सगळ्यांना सारखा. आणि तरी त्याला तो बांध दाखवताना माझ्याकडे बघवत नव्हतं. तो मिरचीच्या रोपांशी बोलत होता.

मित्र अजून संध्याकाळी रिळावर येतो. स्टार्टरबद्दल बोलतो, नातीबद्दल बोलतो, ती हल्ली बोट धरून उठते. मी मुद्दाम वाद उकरतो. म्हणतो, चांगलं-वाईट सगळं माणसांचंच. पूर्वी यावर तो तुटून पडायचा. आता म्हणतो, "असंल बाबा. तू शिकलेला हायस." तलाठी रजेवरून आला का, असंही मी एकदा विचारून पाहिलं. त्याने पाना पुसला आणि मोटारीच्या खोलीत गेला.

मागच्या आठवड्यात काकडीचा नवा मांडव बांधायचा होता. दादा वर तार ओढत होता, वहिनी रोपांना सुतळी देत होती. वहिनीने एक नवा बांबू आणि फाटक्या साडीची लाल पट्टी माझ्या हातात दिली. "भावजी, या बारीला तुमीच रोवा. म्हंजी तुमच्या ध्यानात राहील."

मी सऱ्यांकडे पाहिलं. पंचवीस होत्या. हातात एक चिंधी होती. दादा वरून म्हणाला, "कुठली धरायची घरची?"

मी बांधाकडची शेवटची सरी दाखवली. तिथे बांबू खोल रोवला, दगडाने ठोकून घट्ट केला आणि चिंधीला दोन गाठी मारल्या, वाऱ्याने सुटू नये म्हणून. गाठ मारताना मी चिंधीकडे बघत नव्हतो, विहिरीकडे पाहत होतो.